मागच्या खोलीतल्या त्रेसष्ट फायली

जबाब

नाव : तक्रारीत लिहिले आहे तेच. ते बरोबर आहे.
वय : ५४ वर्षे
धंदा : कपडे दुरुस्ती (रफू, चेन बदलणे, अस्तर लावणे, उंची कमी-जास्त करणे). नवे कपडे शिवत नाही.
पत्ता : पूल उतरल्यावर डावीकडची पहिली गल्ली, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारचे दुकान. राहणेही तिथेच, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत.
वेळ : मंगळवार, सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी सुरू. ठाण्याचा प्रिंटर बंद असल्याने जबाब हाताने लिहिला आहे.

मी आज बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात आले आहे. माझ्याविरुद्धची तक्रार मला वाचून दाखवली, ती मला समजली. त्यावर मी लिहून घेणाऱ्या मॅडमच्या समोर बसून, विचारलेले आणि न विचारलेलेही, सांगते ते असे :

तक्रार एका खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या मालकांनी दिली आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, मी त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या त्रेसष्ट फायली चोरल्या. दोन, त्या मी दुकानाच्या काचेत लावून रस्त्यावरच्या लोकांना दाखवल्या. तीन, हा खेळ मालकांनी नव्हे तर माझ्या भावाने बनवला असे लिहून मी त्यांची बदनामी केली. यापैकी दुसरी आणि तिसरी गोष्ट मी केली आहे. आजही सकाळी दहापासून इथे येईपर्यंत केली आहे आणि इथून सुटल्यावर पुन्हा करणार आहे. पहिली केलेली नाही. चोरी कशाला म्हणतात ते मला कळते. लोक कपडे टाकतात तेव्हा खिशात काय काय विसरतात, ते परत करायला मी दुकानात एक डबा ठेवला आहे. तीस वर्षांत त्या डब्याबद्दल कोणाची तक्रार आलेली नाही.

माझा भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई-वडील गेल्यावर तो माझ्याकडेच वाढला. दुकानात जमिनीवर सांडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा करायचे काम त्याच्याकडे होते, म्हणून गल्लीत सगळे त्याला टाचणी म्हणत. पुढे तो मोठा झाला, चष्मा लागला, पोट सुटले, तरी टाचणीच राहिला. तो सदर कंपनीत सहा वर्षे कामाला होता. चित्रे काढणे आणि खेळ चालवण्याचा मजकूर लिहिणे अशी दोन्ही कामे तो करत असे. गेल्या वर्षी तो वारला. भावाचे व माझे संबंध शेवटपर्यंत चांगले होते. [मागील वाक्य जबाब देणारीच्या सांगण्यावरून नंतर एका रेघेने खोडले आहे. बाजूस तिची सही.]

खेळाचे नाव मी मुद्दाम सांगत नाही, मालकांची फुकट जाहिरात होईल. तक्रारीत ते आहे. खेळ असा. पान उघडले की एक दुरुस्तीचे दुकान दिसते. गिऱ्हाईक येते, फाटकी वस्तू काउंटरवर ठेवते, आणि खेळणाऱ्याने ती ठरलेल्या वेळात दुरुस्त करून द्यायची. उशीर झाला की गिऱ्हाईक तोंड वाकडे करून निघून जाते. लाखभर लोक तो खेळतात म्हणे. मी एकदाच खेळले. दिवसभर जे करायचे तेच वर जाऊन पुन्हा करायची मला हौस नाही.

खेळातले ते दुकान माझे आहे. दरवाजा उजवीकडे, काचेवर निळी पट्टी, इस्त्रीच्या टेबलाच्या एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा. हे मी मालकांना समोर सांगितले तेव्हा ते म्हणाले की दुकाने सगळी अशीच असतात. असतील. पुठ्ठा सगळ्यांकडे नसतो.

चार महिन्यांपूर्वी, एका सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, दातांच्या दवाखान्यात काम करणारी एक परिचारिका कोटाची चेन बदलायला माझ्याकडे आली. ती पहिल्यांदाच आली होती. मी तिला नेहमीप्रमाणे म्हटले, "उलटा करून द्या. सुलटा मला काही सांगत नाही." हे मी प्रत्येकाला म्हणते. दुरुस्ती आतून करायची असते, बाहेरून नुसती फजिती दिसते. ती कोट हातात धरून तशीच उभी राहिली.

"पुन्हा म्हणा ना," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता म्हणालात ते."

"कोट उलटा करा बाई, तुमच्या मागे गिऱ्हाईक उभं आहे."

"तो आवाज तुमचा आहे. मी जेवणाच्या सुट्टीत कितीदा ऐकलाय."

मला वाटले, हिने भुलीचे इंजेक्शन स्वतःलाच टोचून घेतले की काय. मी तिला स्टूलवर बसवून पाणी दिले. मग तिने सांगितले ते असे. तिला आणि तिच्या काही ओळखीच्यांना एक छंद आहे. जुन्या खेळांच्या फायली उघडायच्या आणि बनवणाऱ्यांनी आत काय टाकून दिले आहे ते पाहायचे. अर्धवट काढलेली माणसे, कधीच न उघडणारी दारे, कुठेच न वाजलेली गाणी. त्यांच्यात एक ट्रक चालवणारा आहे आणि एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. या खेळात त्यांना एक खोली सापडली होती. खेळणाऱ्याला तिथे जाता येत नाही, पण ती आहे, आणि त्या खोलीत एक बाई बोलते. ही बाई कोण यावर दोन वर्षे त्यांचा वाद चालू होता. त्यांनी तिचे नाव 'मागची बाई' ठेवले होते. त्या नावाला माझी हरकत नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी दोन वाजता ती लॅपटॉप घेऊन दुकानात आली. तिने खेळाचे पान उघडले, त्याच पडद्यावरच्या मेनूतून दोन ठिकाणी दाबले, आणि बाजूला फायलींची यादी आली. मी काही फोडले का, असे मला आज तीनदा विचारले गेले. कुठेही कुलूप नव्हते. पासवर्ड कोणी विचारला नाही. पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर कंपनी स्वतःहून या फायली पाठवते, आम्ही आलेल्या फायली पाहिल्या. कुलूप असते तर मी थांबले असते असे मात्र मी म्हणत नाही. शेजारी चाव्यावाला आहे.

हे लिहून घेणाऱ्या मॅडमना पटेना, म्हणून त्यांना कपड्यावरून सांगितले. शर्ट शिवताना शिलाईच्या आत थोडे जादा कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. बाहेरून ती दिसत नाही, पण शर्टाबरोबर घेणाऱ्याच्या घरी जाते. त्याने घरी शर्ट उलटा करून ती पाहिली तर शिंपी पोलिसात जात नाही. मॅडमनी आपल्या बाहीची शिवण उलटून पाहिली आणि पुढे लिहायला घेतले.

खोली खेळातल्या दुकानाच्या डाव्या भिंतीपलीकडे, पडद्याच्या बाहेर ठेवलेली आहे. तिकडे जायला दार नाही. दाराचे चित्र फायलींत आहे, पण ते लावलेले नाही. खोलीत शिलाई मशीन आहे, शेजारी एक बुटके स्टूल, भिंतीवर घड्याळ आणि खिळ्याला टांगलेला घोड्याच्या नालेसारखा लोहचुंबक. मशीनवर एक बाई बसली आहे. तिचे तोंड काढलेले नाही, नुसती पाठ, अंबाडा आणि खांद्यावर मोजपट्टी. ती पाठ माझी आहे. इतकी रुंद नाही, पण माझी आहे.

त्रेसष्ट फायलींचा हिशोब मॅडमनी विचारला. एकवीस चित्रांच्या आहेत. एक टिपणांची आहे. चाळीस माझ्या आवाजाच्या आहेत. "बुधवारी या. बुधवारी म्हणजे बुधवारी, मंगळवारी डोकावायचं नाही." "हे कुत्र्यानं फाडलंय, मला खोटं सांगू नका." अशी वाक्ये. पाच वर्षांपूर्वी भावाने दोन दिवस फोन माझ्या रिळांच्या फळीवर ठेवला होता. "कामाला लागतंय ताई, तू नेहमीसारखी बोल," एवढेच म्हणाला. मला वाटले, फोन तपासत असेल. आवाज दिल्याबद्दल मी कुठल्याही कागदावर सही केलेली नाही आणि कंपनीने ती कधी मागितली नाही. तेव्हा कंपनीचे म्हणणे असे झाले की मी माझाच आवाज चोरला. हे वाक्य तसेच्या तसे लिहावे, असे मी मॅडमना सांगितले.

त्यानंतर काही दिवसांनी भाऊ जेवताना मला म्हणाला होता, "ताई, आज तुला कामावरून काढलं."

"कुणी?"

"आमच्या साहेबांनी. म्हणाले, ती बाई फार बोलते."

तो थट्टा करतोय असे मला वाटले. मी पुढे विचारले नाही. खोली खेळातून काढली त्या दिवशीची ती गोष्ट असणार, हे मला आता कळते.

काढली असे म्हणतात, पण काढली नाही. टिपणांच्या फायलीत भावाने लिहून ठेवले आहे : "ही खोली काढू नये. घड्याळ इथे आहे." खेळातली सगळी वेळ, गिऱ्हाईक कधी येणार, कधी वैतागणार, ते त्या खोलीच्या भिंतीवरच्या घड्याळावर चालते. खोली नको म्हटल्यावर भावाने ती पुसली नाही, भिंतीपलीकडे सरकवून ठेवली. दुरुस्तीवाल्याच्या घरात वाढलेला तो, कापलेला तुकडाही फेकत नसे. त्याच्या टिपणाखाली, तो कंपनीतून गेल्यानंतरच्या तारखेला, दुसऱ्या कोणीतरी लिहिले आहे : "काढून पाहिली. गिऱ्हाइके यायची थांबली. परत ठेवली." त्याखाली आणखी एक ओळ आहे : "फायलींची नावे बदलली की घड्याळ बंद. नावे आहेत तीच ठेवावीत." या टिपणांची प्रत मी जबाबासोबत देत आहे.

नावांचे मी पुढे सांगते. त्रेसष्टावी फाईल राहिली. ती नऊ सेकंदांची आहे. त्यात मशीन चालल्याचा आवाज आहे. माझा भाऊ म्हणतो, "ताई, मशीन जरा थांबव ना." मी म्हणते, "थांबवते. मग हा कोट तू शिव." तो हसतो. मशीन थांबत नाही. भावाच्या आवाजाचे दुसरे काही माझ्याकडे नाही. त्याचा फोन इस्पितळातून परत मिळाला तेव्हा फुटलेला होता.

त्या शनिवारी मी दुकान साडेतीनला बंद केले. एरवी आठला करते. परिचारिकेचा कोट तयार होता, तो मी तिला सोमवारी दिला.

मी चोरून काही करायला गेले नाही, आधी सरळ मार्गाने गेले. कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितले, "आमच्या रेकॉर्डवर या नावाचं कुणी नाही." मी म्हटले, तुमच्या रेकॉर्डवर नसेल, तुमच्या खेळात आहे. त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः गेले. तिसऱ्या मजल्यावर काचेची खोली आहे, बाहेर फिरत्या खुर्च्या. पंचावन्न मिनिटे बसवून ठेवले. माझ्यासमोर खेळाचे मोठे चित्र भिंतीवर लावले होते आणि खाली 'कल्पना आणि निर्मिती' म्हणून एकट्या मालकांचे नाव होते. चित्रात इस्त्रीच्या टेबलाखाली पुठ्ठा होता.

मालक वयाने भावाएवढेच असतील. आदराने बोलले, खोटे सांगत नाही. मी त्यांच्याकडे एकच मागितले. पैसे मागितले नाहीत, हे तेही मान्य करतील. खेळ संपल्यावर जिथे नावे येतात तिथे भावाचे नाव एकदा लिहा, बारीक अक्षरात चालेल, एवढेच म्हटले.

ते म्हणाले, "ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण तुम्ही ज्या खोलीचं बोलताय ती खेळात नाहीच."

"मी पाहिली."

"जी खेळात नाही तिच्याबद्दल आपण काय बोलणार?"

मला फार राग आला. मी उठून जिना उतरले. आज मात्र तेच मालक लेखी म्हणतात की त्या खोलीच्या त्रेसष्ट फायली मी चोरल्या. खोली नसेल तर मी चोरले काय? आणि असेल तर ती कोणाची? यातले कोणतेही एक त्यांनी निवडावे. दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभे राहायचे असेल तर पँटची शिवण उसवते, आणि ती शेवटी माझ्याकडेच येते.

कंपनीतून आल्यावर दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, मी वरच्या खोलीतला भावाच्या कॉम्प्युटरचा जुना पडदा खाली आणला आणि दुकानाच्या काचेत रस्त्याकडे तोंड करून ठेवला. परिचारिकेने फायली पेनड्राइव्हवर घालून दिल्या होत्या. त्यावर ती खोली लावली. मशीनवरची बाई, घड्याळ आणि एकामागून एक चाळीस वाक्ये. नऊ सेकंदांची फाईल लावली नाही, ती माझ्याकडे ठेवली. पडद्याखाली पुठ्ठ्यावर लिहिले : "हा खेळ टाचणीने केला. ही त्यातली मागची खोली." वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. शेजारच्या चाव्यावाल्याने पहिल्या दिवशीच तक्रार केली की आता तुमचं बोलणं दोन्ही कानांनी ऐकावं लागतं, एक आतून आणि एक बाहेरून. ही तक्रार त्यांनी पोलिसात दिलेली नाही.

लोक थांबतात, बघतात. काही जण आत येऊन भावाच्या आठवणी सांगतात. कोणाचा रेडिओ त्याने दुरुस्त केला होता, कोणाच्या मुलीला त्याने चित्र काढायला शिकवले होते. मला यातले बरेच माहीत नव्हते. परिचारिकेच्या ओळखीचे ते निवृत्त पोस्टमास्तर दुसऱ्या गावाहून आले. काचेसमोर खुर्ची मागून घेऊन तासभर बसले आणि जाताना स्वतःच्या स्वेटरचे कोपर रफूला देऊन गेले.

गेल्या मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास कंपनीचा एक माणूस आला. त्याने काचेचे फोटो काढले. तक्रारीत त्याचा जबाब जोडला आहे. मी त्याला दमदाटी केली असे त्यात म्हटले आहे. मी त्याला एवढेच म्हटले की तुमच्या कोटाचे बटण लोंबतेय, आत या. तो आला. मी ते बटण लावून दिले. हे त्याच्या जबाबात नाही. बटण अजून जागेवर असेल तर पुरावा म्हणून पाहता येईल.

आता नावांचे. माझा भाऊ आपल्या हातच्या प्रत्येक फाईलच्या नावाची सुरुवात 'टाचणी' या शब्दाने करत असे. टाचणी चित्र एक, टाचणी आवाज सात, असे. मीही दुरुस्त केलेल्या प्रत्येक कपड्याच्या आत लाल दोऱ्याचा एक टाका घालते, तो त्याने लहानपणापासून पाहिला होता. तो गेल्यावर कंपनीने खेळातल्या बाकी सगळ्या फायलींची नावे बदलली. मागच्या खोलीच्या त्रेसष्ट फायलींची बदलता आली नाहीत, कारण बदलली की घड्याळ थांबते. ते त्यांच्याच टिपणात आहे.

आज मॅडमनी मला तक्रार वाचून दाखवली तेव्हा तिच्यामागे दोन पानांची यादी जोडलेली होती, चोरीस गेलेल्या मालाची. नियमाप्रमाणे त्यांना ती पूर्ण वाचावी लागली. टाचणी, टाचणी, टाचणी, असे त्रेसष्ट वेळा त्यांनी वाचले. पहिली दहा-बारा नावे झाल्यावर त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "वाचा ना, सगळी वाचा." दोन्ही पानांच्या खाली मालकांची सही आहे आणि सहीवर लिहिले आहे, 'वरील यादी खरी व बरोबर आहे'. मी एकदा, बारीक अक्षरात, एवढेच मागितले होते. त्यांनी त्रेसष्ट वेळा लिहून, सही-शिक्क्यासह सरकारी कागदात घातले. याबद्दल मी त्यांची आभारी आहे. यादीची नक्कल मला मिळावी, असा माझा लेखी अर्ज आहे. ती मी काचेत लावणार आहे.

पेनड्राइव्ह कुठे आहे, असे विचारले. इथे येण्याआधी तो पडद्यापासून काढून मी अंगावर घातलेल्या या कोटाच्या अस्तरात शिवला आहे. जप्त करायचा असेल तर अस्तर उसवावे लागेल. ठाण्यातल्या कात्रीने उसवू नये, कापड फाटेल. माझी कात्री मी सोबत आणली आहे, मीच उसवून देते. पेनड्राइव्ह गेल्याने फायली जात नाहीत, हेही सांगते. कंपनी त्या आजही लाखभर लोकांच्या घरी पाठवत आहे.

मालकांचे वकील बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांनी एक हमीपत्र आत पाठवले. त्यात लिहिले आहे की मी सर्व प्रती नष्ट करीन, काचेतला पडदा काढीन, आणि सदर खेळ ही एकट्या मालकांची कल्पना व निर्मिती आहे असे मान्य करते. सही केली तर तक्रार मागे घेतली जाईल. मॅडम मला म्हणाल्या, "बाई, मी तुमच्या भल्यासाठी सांगते. सही करा आणि दुकानात जा. कोर्टकचेरीत वर्षं जातात." त्यांनी हे चांगल्या मनाने सांगितले. मी पाणी मागितले. पाणी प्याल्यावर मी त्यांना सांगितले की वर एक वाक्य खोटे लिहिले गेले आहे, ते मी दुरुस्त करते.

खरे असे आहे. अडीच वर्षांपूर्वी एका गुरुवारी दुपारी एकच्या सुमारास भाऊ दुकानात आला. तोपर्यंत तो वेगळी खोली घेऊन राहू लागला होता. त्याच्या हातात एक कागद होता. त्यात हेच वाक्य होते, 'एकट्या मालकांची कल्पना व निर्मिती'. कंपनी नव्या आवृत्तीतून बाकीच्यांची नावे काढणार होती आणि त्यासाठी त्याची सही हवी होती. त्याने मला विचारले, "ताई, काय करू?" माझ्या हातात त्या वेळी एकाचा घाईचा कोट होता. मी मान वर न करता म्हटले, "खेळच तर आहे. नाव काय चाटायचंय? सही कर आणि कामाला लाग." तो "बरं" म्हणाला. जाताना त्याने स्टूल टेबलाखाली सरकवून ठेवले. एरवी ते तसेच सोडून जायचा, मी ओरडायचे.

त्याने सही केली नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीने त्याला काढून टाकले. हे मला बाहेरून कळले. मी फोन केला नाही, त्यानेही केला नाही. तो माझ्यावर रुसला होता की मीच त्याच्यावर, ते आता सांगता येणार नाही. असे चौदा महिने गेले. नंतर इस्पितळातून फोन आला. मी पोहोचले तेव्हा तो बोलत नव्हता.

म्हणून 'संबंध शेवटपर्यंत चांगले होते' हे वाक्य मी खोडायला सांगितले. मॅडम म्हणाल्या, "पान नवीन घेऊ का?" मग स्वतःच म्हणाल्या, "नाही, तसं करता येत नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही."

"तसं का?" मी विचारले.

"उद्या कुणी म्हणायला नको, इथे काही नव्हतंच."

हा नियम मला पटला. मी रेघ मारली आणि सही केली.

हमीपत्रावर मी सही करणार नाही. "सही कर" असे मी एकदा एका माणसाला, मान वर न करता, सांगितले आहे. त्याने माझे ऐकले नाही, ते बरे केले. आज त्याच वाक्याखाली माझी सही मागतात आणि तो सांगायला नाही. मी मान वर करून सांगते की करणार नाही. वर्षे जायची असतील तर जाऊ द्यात. माझा धंदा बसून करायचा आहे, कोर्टाच्या बाकावरही रफू करता येते. पडदा उद्या सकाळी दहाला लागेल. उद्यापासून नऊ सेकंदांची फाईलही लावणार आहे. लोकांनी त्याचे हसणे ऐकावे आणि मी मशीन थांबवले नाही, तेही ऐकावे.

वर लिहिलेला जबाब मॅडमनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. खोडलेली ओळ त्या वगळत होत्या, तीही मी वाचायला लावली. सर्व मजकूर, खोडलेल्या ओळीसह, माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. जबाब दुपारी १ वाजून ५ मिनिटांनी संपला. वकिलांचे हमीपत्र सही न करता परत केले. या कागदावर मात्र मी राजीखुशीने सही करते, आणि सहीच्या पुढे, मॅडमची परवानगी घेऊन, माझ्या सुईने लाल दोऱ्याचा एक टाका घालते.

(सही)
टाचणीची ताई